साडेतीनशे हंडे आणि भंडाऱ्याची डाळ

पावसाचं पाणी घरच्या घरी साठवण्याचे फायदे आठ आणि तोटे तीन, असं आमच्या संस्थेच्या पत्रकात छापलेलं होतं. पत्रक मीच लिहिलं होतं, तेव्हा जबाबदारीही माझीच. आठही फायदे खरे निघाले. तोटे मात्र मोजता मोजता मी सतरावर आलो, आणि त्यांतला सगळ्यात मोठा एका फायद्याच्याच पोटात लपून बसला होता. तो बाहेर कसा आला, ते सांगतो.

संपादकांनी 'प्रदीर्घ सेवेतील आठवणी' मागितल्या आहेत. माझं वय एकोणतीस आणि सेवा पाच पावसाळ्यांची. पण हे पाचही पावसाळे मी मावळात काढलेत, आणि मावळातला एक पावसाळा इतरांच्या चारांना भारी असतो. इथं आषाढात काडेपेटी पेटत नाही, चपलांना बुरशी येते आणि वाळत घातलेलं धोतर तिसऱ्या दिवशी जास्त ओलं लागतं. मुंबईची माणसं मुद्दाम भाडं खर्चून लोणावळ्याला भिजायला येतात. आणि त्याच लोणावळ्यापासून चार तासांच्या वाटेवर, आंदर मावळातल्या वाड्यांवर, चैत्र उजाडला की बाया हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरून नदीतल्या डोहावर जातात. आभाळ फाटतं तिथं घसा कोरडा! राज्यभर दुष्काळ पडला, त्या दोन वर्षांत मी एका मोठ्या कचेरीत हे सांगायला गेलो, तर साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मावळ? तिथं तर पाणीच पाणी." साहेब नकाशा बघत होते. नकाशाला तहान लागत नाही.

असो. राग नंतर. आधी धंदा समजावून सांगतो.

छपरावरून पडणाऱ्या पागोळ्या पन्हळीत धरायच्या. पन्हळ पत्र्याची केली तर उत्तम, नाही तर बांबूचा कळक उभा चिरून. पन्हळीतून पाणी टाकीत. वाटेत वाळू-कोळशाचा थर, टाकीला घट्ट झाकण. छपरावर वर्षभराची धूळ, चुलीचा धूर आणि कावळ्यांचा कारभार साचलेला असतो, म्हणून सुरुवातीचे आठ दिवस पन्हळीचं तोंड बाहेर फिरवून ठेवायचं. झालं! एवढंच. सातवीतला मुलगा करील. अडचण पाणी धरण्यात नाहीच. मावळात टाकी एका दिवसात भरते आणि मग चार महिने नुसती ओसंडते. खरी विद्या आहे ती भरलेल्या पाण्याला आश्विनापासून चैत्रापर्यंत हात न लावण्याची. आणि ती कुठल्याही पत्रकाला शिकवता आलेली नाही.

ही विद्या अवगत असलेला एकच माणूस मी पाहिला. लोणावळ्यात रेल्वेचे एक निवृत्त गार्ड राहत. सगळे त्यांना गार्डकाका म्हणत. घरावर पत्रा, अंगणात तीन टाक्या, आणि प्रत्येक टाकीवर खडूनं नक्षत्राचं नाव. मी पत्रक द्यायला गेलो तर त्यांनी ते खिशात घातलं आणि माझ्यापुढे तीन फुलपात्री मांडली.

"ओळखा," म्हणाले.

"काय?"

"कुठलं नक्षत्र ते."

मी तिन्ही प्यालो. तिन्ही पाण्यांना पाण्याचीसुद्धा चव नव्हती. मी भीत भीत म्हणालो, "हे पुष्य?"

"छे! पुष्य म्हणे! ही मघा! जिभेवर कशी हिरव्या झेंड्यासारखी जाते. तरुण मंडळींना चहा पिऊन पिऊन जीभच उरली नाही." मग आवाज खाली आणून त्यांनी मला खरं गुपित सांगितलं. "पत्रकात तुम्ही एक फायदा विसरलात. या पाण्यात तुरीची डाळ अर्ध्या वेळात शिजते. लोण्यासारखी. आमच्या घरात चाळीस वर्षांत डाळीचा एक दाणा दाताखाली आलेला नाही. विहिरीच्या जड पाण्यात शिजवा एकदा, मग गोट्या खेळा."

मी घरी जाऊन आईकडून करवून पाहिलं. अक्षरशः लोणी! पुढच्या छपाईत नववा फायदा आला, तोही ठळक टायपात: 'पावसाच्या पाण्यात डाळ उत्तम शिजते.' त्या ओळीचा मला फार अभिमान होता. बाकीचे फायदे पुस्तकातले होते. हा माझा स्वतःचा.

आता वाडीवर चला. कामशेतहून एसटी जिथं वळून परत फिरते, तिथून दीड तास चढ. तिथं धोंडूआबांचं घर. आबा म्हणजे वाडीच्या जत्रेचे कारभारी. उंच, फेट्यातले, आणि पाण्याच्या प्रश्नावर तासभर बोलू शकणारे. त्यांची बायको सखूमावशी. मुलगा किसन कामशेतच्या भातगिरणीवर कामाला, आठवड्यानं घरी येणारा. आणि सून चंद्रा. पण मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सून घरात नव्हती.

"कुटं गेलीय?" मी विचारलं. वाड्यांवर फिरून माझी भाषा पण अधूनमधून तशीच व्हायची.

"म्हायेरी," मावशी म्हणाल्या. "वराळ्याला. हात मोडला तिचा, गेल्या वैशाखात. डोहाच्या वाटंला खडक हाय, तितं घसरली."

"मग आता बरी आहे?"

"हात बरा झालाया. डोकं फिरलंय. म्हनती, दाराशी पानी आल्याबगार येत न्हाई."

किसन खांबाला टेकून बसला होता. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की पत्रक काढायला माझा हात आपोआप झोळीत गेला.

त्याच उन्हाळ्यात टाकी बांधली. सिमेंटच्या परमिटसाठी मी पुण्याला पाच खेपा घातल्या. त्यावर स्वतंत्र लेख होईल आणि तो कोणी छापणार नाही. खड्डा किसननं खणला. पुरुषभर खोल, आत दोन बाजली मावतील एवढी टाकी. हिशेबानं साडेतीनशे हंडे. पिण्या-रांधण्याला रोज पाच हंडे धरले, तर चैत्राच्या सुरुवातीपासून पाऊस लागेपर्यंत घराला डोहाची वाट धरायला नको. झाकणाला कडी-कोयंडा आणि कुलूप. किल्ली आबांनी करगोट्याला बांधली. आमच्या पत्रकात लिहिलंच होतं, 'टाकीची देखरेख कुटुंबप्रमुखाने करावी.' साडेतीनशे हंडे पाणी आबांच्या कमरेला लोंबू लागलं आणि आबांची चाल बदलली.

श्रावणात बघायला गेलो तर पन्हळ तुंबलेली. सखूमावशीनं दरसालासारखा छपरावर दोडक्याचा वेल चढवला होता. पिकली पानं, सुकली फुलं सगळी पन्हळीत, आणि पाणी टाकी सोडून घरात, थेट भाताच्या कणगीपाशी.

"मावशी, वेल काढा."

"फुलावं आलाय. फुलावं आलेल्या वेलाला हात लावू नये."

"मग टाकीत पाणी कसं जाणार?"

"तुमच्या कागदात वेलाचं कुटं लिवलंय?"

नव्हतं लिहिलं. तोटा क्रमांक चार.

शेवटी किसन म्हणाला, "आये, वेल ठिवायचा का सून आनायची? काय ते येकदा सांग."

मावशीनं विचार केला. बराच वेळ केला. छपराकडे बघितलं, दोडके मोजले. एवढा वेळ विचार करावा लागतो याचा मला मनस्वी संताप आला. मग म्हणाली, "गोठ्यावं चढवा." आम्ही तिघांनी भर पावसात तो वेल लेकुरवाळ्या बाईसारखा अलगद उचलून गोठ्याच्या छपरावर नेला. नंतर बेडूक झाले, डास झाले, शेजाऱ्यांची नजर झाली. एकदा झाकणावर बसलेली शेळी खाली उतरेना, त्यावरून बाजूच्या घराशी भांडण झालं. तोटे वाढत गेले. पण टाकी भरली, आश्विनात पाणी नितळ झालं, आबांनी माझ्यासमोर कुलूप लावलं, आणि मी वराळ्याला चंद्राकडे गेलो.

वराळ्याला तिचा भाऊ नव्या कारखान्यात कामाला लागला होता. चाळीच्या कोपऱ्यावर नळ. चंद्रा उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. डावा हात कोपरात थोडा वाकडाच जुळला होता. मी टाकीचं वर्णन केलं. माझ्या मते ते फार चांगलं झालं.

ती म्हणाली, "भाऊ, हितं नळ सकाळी घंटाभर येतो. घंटाभर म्हंजी काय, ठावं हाय? बाकीचा दिस माजा असतो."

मी झोळीतून पत्रक काढून दिलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. बोट फिरवत तिनं सगळं वाचलं आणि एका ओळीवर बोट थांबवलं. "'कुटुंबप्रमुखाने देखरेख करावी.' म्हंजी कोन? मामंजी?"

"हो. म्हणजे तशी लिहिण्याची पद्धत असते."

"ते कवा पान्याला गेल्यात?"

"तशी पद्धत असते," मी पुन्हा म्हणालो, आणि मला स्वतःचाच आवाज त्या नकाशावाल्या साहेबांसारखा वाटला.

ती तांदळाकडे बघत बोलली. "मी पडले तवा हात असा लोंबत व्हता. सासूबाई धावत आल्या. मला वाटलं, मला उचलाया. तर आदी हंडा उचलला. फिरवून फिरवून बघितला. पोचा आलाय का." मग हसली. "हंडा माज्याच म्हायेरचा. तांब्याचा."

तिनं अट घातली ती अशी. चैत्रातल्या जत्रेला ती येईल. टाकीत वाकून बघेल. पाणी असलं तर राहील. नसलं तर त्याच पावली माघारी, आणि मग किसननं पुन्हा वराळ्याला यायचं नाही. "कबूल?" मी कबूल म्हणालो. माझ्या जिवावर नव्हे, साडेतीनशे हंड्यांच्या जिवावर.

परत येताना वाडीत थांबलो आणि नव्या छपाईची पत्रकं घरोघर वाटली. नववा फायदा ठळक टायपात असलेली.

जत्रेच्या दिवशी मी दुपारी वाडीवर पोचलो. किसन चंद्राला आणायला वराळ्याला गेला होता, ती दोघं मागून येणाऱ्या एसटीनं यायची होती. देवळापुढे, आबांच्या अंगणाला लागूनच, भंडाऱ्याची पंगत बसलेली. वाडीतली, शेजारच्या दोन वाड्यांतली, कामशेतची पाहुणेमंडळी. आबांनी हाताला धरून मला पाटावर बसवलं. पानात भात पडला, वर डाळ.

काय सांगू! दीड तास चढून आलेला माणूस, आणि वर ती डाळ. पिवळीधमक, एकजीव, भातावर ओतली की आपोआप वाट शोधत जाणारी. मी दुसऱ्यांदा मागितली. तिसऱ्यांदा मागितली नाही, वाढणाऱ्याकडे नुसतं बघितलं.

समोरच्या वाडीचा एक म्हातारा पाहुणा म्हणाला, "धोंडूभाऊ, गेल्या साली तुमची दाळ खाऊन माजी दाड पडली. औंदा ही कशी काय शिजली म्हनायची?"

आबा याच प्रश्नाची वाट बघत होते. फेट्यात खोचलेला कागद काढून त्यांनी उघडला आणि तो अख्ख्या पंगतीला दाखवला. "छापलंय हितं! पावसाच्या पान्यात दाळ उत्तम शिजती. हे भाऊ बसल्यात न्हवं, तेंनीच लिवलंय! म्हनलं, गावाची अब्रू हाय. उगाडली टाकी."

घास माझ्या तोंडात होता.

"आबा," मी कसाबसा म्हणालो, "किती हंडे काढले?"

"दाळीला काय, पन्नासेक."

"मग उरलं असेल की!"

"आता पावन्यांचं पाय धुनं आलं. पावन्यांची बैलं व्हती, ती तान्हेली. भांडी घासाया बायांना डोहावं धाडायचं व्हय, जत्रेच्या दिशी? आन् आचारी म्हनला, आंघूळ केल्याबगार चुलीला हात लावत न्हाई." आबांनी कागद फेट्यात परत खोचला. "आचारी सा जन व्हते."

तेवढ्यात वाटेवर चंद्रा दिसली. पुढे ती, मागे तिची पेटी डोक्यावर घेतलेला किसन. पंगतीतून कोणी तरी ओरडलं, "आली गं सूनबाई! जेवाया बस आदी!" ती थांबली नाही. सरळ घराकडे, सरळ टाकीकडे. कुलूप उघडंच होतं. तिनं उजव्या हातानं झाकण उचललं आणि वाकून आत बघितलं.

मीही उठून गेलो आणि तिच्या शेजारी वाकलो. तळाला वीतभर पाणी होतं, आणि त्यात एक मोठा ओगराळा बुडालेला.

ती वळली. आबांकडे बघितलं नाही, किसनकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "भाऊ, कबूल केलंतं."

मी पत्रकं लिहितो. सभेत बोलतो. कचेऱ्यांत भांडतो. त्या क्षणी मी फक्त डाळीनं माखलेला हात पाठीमागे लपवला. किसननं पेटी खाली ठेवली नव्हती. तो तसाच उलट फिरला. बायको माघारी जाणार, तर पेटी पोचवायला आपण, एवढंच त्याला कळलं होतं. त्याचा चेहरा बघून मला पहिल्यांदा आमच्या पत्रकाची भीती वाटली.

पण चंद्रा गेली नाही. तिनं पंगतीवरून नजर फिरवली. सगळे पुरुष, सगळ्यांची बोटं डाळीनं माखलेली.

"कुनीकुनी खाल्ली?" ती म्हणाली.

बोटं पानांआड गेली.

"आवं, दाळ कुनी खाल्ली, इचारतीय. ग्वाड लागली न्हवं? मग ज्येनं खाल्ली त्येनं हंडा आनायचा. यकदा खाल्ली त्येनं येक. जास्ती घेतली त्येनं जास्ती. टाकी भरली तर मी ऱ्हाते."

"डोहावनं?" एकजण दचकून म्हणाला.

"न्हाई, आभाळातनं."

समोरच्या वाडीचा तो म्हातारा म्हणाला, "आमी पावनं हाय, पोरी."

"पावन्याच्या पोटात दाळ न्हाई गेली व्हय?"

बायका आतापर्यंत पदराआड उभ्या होत्या, दुसऱ्या पंगतीची वाट बघत. त्यांच्यातून एक हसणं फुटलं. आणि मग एक विलक्षण गोष्ट झाली: कोणी न सांगता घराघरांतून हंडे, कळशा, घागरी बाहेर येऊ लागल्या आणि पंगतीतल्या पुरुषांच्या पानांपुढे मांडल्या गेल्या. वाढपी वाढतात तशा. ज्यांच्या बायका कधी नवऱ्यापुढे मोठ्यानं बोलल्या नव्हत्या, त्या मोठ्यानं म्हणत होत्या, "ह्यांनी दोनदा घेतली! मी बघितलंय!"

मी पुढे होऊन म्हणालो, "एक मिनिट. शास्त्रीय दृष्ट्या टाकीत डोहाचं पाणी मिसळू नये. पत्रकात स्पष्ट—"

"कागद ठिवा, भाऊ," चंद्रा म्हणाली, "आन् हंडा उचला. तुमी तीनदा घेतली."

तोवर तिला ते कोणी सांगितलं, मला अजून कळलेलं नाही.

मग त्या दिवशी दुपारपासून दिवस मावळेपर्यंत मावळच्या त्या डोंगरानं जे पाहिलं ते पूर्वी कधी पाहिलं नसेल. खाली डोहापर्यंत पुरुषांची रांग. कोणी हंडा खांद्यावर घेतोय, कोणी पोटाशी धरतोय, कोणी दोघांत एक. डोक्यावर कोणाला तोलता येईना. बाया काठावर उभ्या राहून शिकवत होत्या: "मान ताट! खाली नगा बघू!" चढावर दर दहा पावलांवर कोणीतरी बसलेला. गेली पाच वर्षं पाण्याच्या प्रश्नावर बोलणारे आबा पहिल्या खेपेला अर्ध्यात फेटा सोडून, त्याची चुंबळ करून, दगडावर बसले आणि म्हणाले, "ह्यो चढ पैला येवडा नव्हता."

"पैल्यापास्नं येवडाच हाय, मामंजी," मागून आवाज आला.

माझी तिसरी खेप. सखूमावशीनं मला नेमका तो तांब्याचा हंडा दिला होता. खडकाजवळ आलो. मला खडक माहीत होता, त्याच्याबद्दल ऐकलं होतं, त्याच्यावर मी एक परिच्छेदही लिहिला होता. पाय ठेवला आणि गेलो. हंडा एकीकडे, मी एकीकडे, कोपर सालपटून रक्ताची धार.

वरून सखूमावशी धावत आली. "आगं बया! आगं बया!" करत आली. माझ्या अंगावरून पलीकडे गेली. हंडा उचलला, उन्हात धरून फिरवून फिरवून बघितला.

"न्हाई आला पोचा," ती सुटकेचा श्वास टाकून म्हणाली.

वर टाकीपाशी चंद्रा उभी होती. ती हसायला लागली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, मग टाकीच्या कट्ट्यावर बसून. मावशी हंडा हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिली. तिला काय आठवलं ते तिच्या तोंडावर दिसलं. तिनं हंडा हळूच खाली ठेवला, माझ्याकडे परत आली, पदराची चिंधी फाडली आणि कोपर बांधलं. बांधताना मान वर केली नाही.

टाकी काही पुरी भरली नाही. छातीपर्यंत भरली, आणि चंद्रानं वाकून बघून तेवढ्यावर मान डोलावली. मी विहिरीत टाकायचं लाल औषध आणून टाकलं, आणि पाणी उकळून प्या म्हणून तीनदा बजावलं. अंधार पडायच्या आत चंद्रानं झाकण लावलं, आबांपुढे हात पसरला आणि म्हणाली, "मामंजी, किल्ली."

आबा भिंतीकडे तोंड करून करगोट्याशी बराच वेळ झटापट करत होते. गाठ भिजून घट्ट झाली होती. कोणीही मदतीला गेलं नाही. किसननं मात्र इतक्या वेळानं पेटी घरात नेऊन ठेवली.

त्या पावसाळ्यापूर्वी त्या वाडीतून टाकीसाठी अकरा अर्ज आले. चार वर्षांत माझ्या पत्रकांनी एकही आणला नव्हता. अकराही पुरुषांनी स्वतः येऊन दिले, आणि एकानं तर खांदा चोळत दिला.

डाळीची ओळ मी पत्रकातून काढली नाही. ती खरी आहे, आणि खरं ते छापायला भिऊ नये. फक्त पुढच्या छपाईत वरची एक ओळ बदलली. 'टाकीची देखरेख कुटुंबप्रमुखाने करावी' हे खोडलं आणि लिहिलं, 'टाकीची किल्ली घरात जी पाणी वाहते तिच्याकडे असावी.' आमच्या चिटणीसांनी कच्च्या छपाईवर लाल पेन्सिलीनं खूण केली आणि मला बोलावून विचारलं, "या विधानाला आधार काय?"

मी बाही वर करून कोपर दाखवलं.